ढगातल्या दप्तराचा फेरफार

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



जून महिना लागला, की आपल्या हिंगोली जिल्ह्यात दोन ठिकाणी गर्दी होते. एक बी-बियाण्यांच्या दुकानांपुढे आणि दुसरी सेवा केंद्रांपुढे. सेनगाव असो, कळमनुरी असो, औंढा असो. दहावी-बारावीचे निकाल लागलेले असतात, प्रवेशाच्या तारखा अंगावर आलेल्या असतात आणि हातात प्लास्टिकची पिशवी घेतलेले आईबाप पोरापोरींना घेऊन रांगेत उभे असतात. पिशवीत आधार कार्ड, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक. केंद्रावरचा मुलगा एकेक कागद स्कॅनरवर ठेवतो, झाकण लावतो, उजेडाची पट्टी सरकते आणि कागद परत हातात येतो. आपण ते सगळे मोजून पिशवीत ठेवतो. कागद मोजून परत घेण्यात आपली माणसं मोठी पक्की. पण त्या उजेडाच्या पट्टीखाली कागदाची जी दुसरी प्रत तयार झाली, ती कुठे गेली, कोणाच्या ताब्यात राहिली, तिला कुलूप आहे का, हे विचारायचं कोणाच्या मनातही येत नाही. आज मला त्या दुसऱ्या प्रतीबद्दल बोलायचं आहे.

ही प्रत हल्ली पुष्कळदा ‘क्लाउड’मध्ये जाते. क्लाउड म्हणजे ढग. नाव काव्यमय आहे, पण फसवं आहे. आभाळात काही नसतं. मोठमोठ्या थंड दालनांत रांगेनं मांडलेले संगणक असतात आणि ते आपण भाड्यानं वापरतो, एवढाच त्याचा अर्थ. मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये पुण्यात आणि अ‍ॅमेझॉननं २०१६ मध्ये मुंबईत अशी केंद्रं सुरू केली. केंद्र सरकारनं आपल्या क्लाउड योजनेला ‘मेघराज’ असं नाव दिलं आणि महाराष्ट्र शासनानं जानेवारी २०१८ मध्ये सार्वजनिक क्लाउड वापरण्याचं धोरण जाहीर केलं. तेव्हा सेनगावच्या मुलीचा उत्पन्नाचा दाखला पुण्या-मुंबईतल्या एखाद्या दालनात पडून आहे, असं म्हटलं तर त्यात आता नवल राहिलेलं नाही.

वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे आपण अभिमानानं सांगतो. त्याच हळदीचं उदाहरण घेऊ. भाव पडलेला असला की शेतकरी हळद वखारीत ठेवतो आणि पावती घेतो. वखारीची भिंत, छप्पर, दाराचं कुलूप, रात्रीचा पहारेकरी ही जबाबदारी वखारवाल्याची. पण ती पावती तुम्ही कोणाच्या हातात दिली, कोणाला ‘माझ्या वतीनं माल उचल’ म्हणून सही दिली, ही जबाबदारी तुमची. उद्या तुमच्या सहीनं कोणी पोती उचलून नेली, तर वखारवाला म्हणेल, ‘साहेब, आमचं कुलूप तर शाबूत आहे.’ आणि त्याचं म्हणणं बरोबरच असेल.

क्लाउडचा व्यवहार अगदी असाच आहे. इमारत, वीज, यंत्रं कंपनी सांभाळते. पण कोणतं कपाट कोणाला उघडं ठेवायचं, किल्ल्या किती आणि कोणाकडे, आत जाण्याचं दार साऱ्या जगाला दिसू द्यायचं की फक्त कचेरीतल्या लोकांना, कोण आलं-गेलं याची नोंदवही चालू ठेवायची की नाही, हे सगळं भाडेकरू ठरवतो. ठरवतो म्हणजे पडद्यावर एक खूण करतो. या खुणांना ‘कॉन्फिगरेशन’ म्हणतात. आपण सरळ ‘सेटिंग’ म्हणू. एका मध्यम आकाराच्या संस्थेत अशी शेकडो सेटिंग असतात आणि त्यातलं एक चुकलं तरी पुरतं.

पुरतं म्हणजे काय, हे २०२० मध्ये दिसलं. त्या वर्षी एप्रिलमध्ये ‘व्हीपीएनमेंटर’ या संकेतस्थळाच्या संशोधकांना अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर एक साठवणीचं कपाट उघडं सापडलं. तिकडे त्याला ‘बकेट’ म्हणतात, बादली! सामायिक सेवा केंद्रांमार्फत खेड्यापाड्यांतले दुकानदार आणि ग्राहक भीम या पैसे पाठवण्याच्या सोयीशी जोडण्याची मोहीम चालली होती आणि तिच्या संकेतस्थळासाठी ही बादली वापरलेली होती. संशोधकांच्या म्हणण्याप्रमाणे तीत ७२ लाखांहून अधिक नोंदी होत्या, ४०९ जीबी एवढा मजकूर. आधार कार्डांच्या प्रती, पॅन कार्डं, जातीचे दाखले, रहिवासाचे पुरावे, फोटो. म्हणजे आपल्या रांगेतल्या पिशवीत असतात तेच कागद. संशोधकांनी भारत सरकारच्या ‘सर्ट-इन’ या यंत्रणेला कळवलं आणि मेच्या उत्तरार्धात ती बादली बंद झाली. भीम अ‍ॅपची व्यवस्था पाहणाऱ्या राष्ट्रीय भुगतान निगमनं आपल्या अ‍ॅपमधली माहिती फुटलेली नाही, असा खुलासा केला. अ‍ॅपला धक्का लागला नव्हता, हे खरं. पण दाखला देणाऱ्या माणसाला अ‍ॅप आणि बादली यांतला फरक काय सांगणार? त्यानं कागद दिला होता, आणि तो कागद उघड्यावर होता.

यात कोणी कुलूप फोडलं नव्हतं. कुलूप लावलेलंच नव्हतं. क्लाउडमधल्या अनेक दुर्घटनांचं मूळ चोराच्या हुशारीत कमी आणि घरधन्याच्या विसरण्यात जास्त असतं. हे मी अधिकारानं सांगू शकते, कारण मी स्वतः विसरलेली आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका शिक्षणसंस्थेच्या शिष्यवृत्तीच्या अर्जांचं काम माझ्याकडे होतं. मुलांचे स्कॅन केलेले कागद एका बादलीत जमा होत. दुसऱ्या गावच्या एका तंत्रज्ञाला काही कागद तपासून पाहायचे होते आणि त्याला रीतसर परवानगी देण्याची खटपट करण्याऐवजी मी ती बादली ‘सर्वांना उघडी’ केली. अर्ध्या तासासाठी. त्याचा फोन आला, काम झालं म्हणाला, तेवढ्यात दुसरं काहीतरी निघालं आणि मी उठले. ती बादली चार महिने उघडी राहिली. कोणी तक्रार केली नाही, काही बिघडलं नाही, पडद्यावर लाल दिवा लागला नाही. पुढे एका प्रमाणपत्रासाठी सगळी यादी ओळीनं तपासायची वेळ आली, तेव्हा माझंच कृत्य माझ्यापुढे आलं. दार लगेच बंद केलं. मग प्राचार्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘या चार महिन्यांत हे कोणी पाहिलं का हो?’ मला उत्तर देता आलं नाही. कारण आल्या-गेल्याची नोंदवहीसुद्धा आम्ही चालू केलेली नव्हती. खर्च वाचावा म्हणून! काही हजार मुलांच्या घरचं उत्पन्न, त्यांची जात, त्यांचे खाते क्रमांक कोणी पाहिले असतील किंवा नसतील. आज इतक्या वर्षांनीही मला ते माहीत नाही.

त्या दिवाळीत गावी आले, तेव्हा हे वडिलांना सांगितलं. आमचे अण्णा जुने तलाठी. आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण अण्णा स्वतःला तलाठीच म्हणवतात. त्यांना क्लाउड समजावताना माझी तारांबळ उडाली. सगळं ऐकून ते म्हणाले, ‘चूक तर कोणाचीबी होती. पण तू ते उघडं केलंस, त्याचा फेरफार कुठाय?’

मी म्हटलं, ‘अण्णा, तिथं फेरफार नसतो.’

‘मग दप्तर कशाला म्हणतेस त्याला? तो तर उकिरडा झाला,’ अण्णा म्हणाले आणि अडकित्ता शोधायला लागले.

माझ्या धंद्यातली किती तरी जाडजूड पुस्तकं मी वाचली, पण इतक्या थोडक्यात ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. फेरफार म्हणजे काय, हे आपल्या श्रोत्यांना सांगायला नको. जमीन विकली, वारस लागले, बोजा चढला किंवा उतरला, तरी सातबारा असा थेट बदलत नाही. आधी गाव नमुना सहामध्ये नोंद होते. संबंधितांना नोटीस निघते, हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात, मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो आणि मग सातबारावर फरक पडतो. त्या फेरफाराचा क्रमांक सातबारावर राहतो. वीस वर्षांनी कोणी भांडायला उभा राहिला, तरी तो क्रमांक धरून मागे मागे जाता येतं. आपल्या मराठवाड्यात तर निजामी राज्यानंतरची १९५४-५५ ची खासरा पत्रकंसुद्धा लोक अजून नकलेसाठी मागतात. यात भानगडी होत नाहीत असं नाही. भरपूर होतात. पण भानगड झाली हे शोधून काढायची वाट तरी कागदावर असते.

क्लाउडमध्ये मी एका खुणेनं सातबारा बदलला होता. ना नोटीस, ना हरकत, ना प्रमाणन, ना क्रमांक.

यावर उपाय निघाले आहेत आणि ते मुळात याच वाटेनं गेलेले आहेत. अ‍ॅमेझॉननं २०१४ मध्ये ‘कॉन्फिग’ नावाची सेवा काढली. मायक्रोसॉफ्ट आणि गुगल यांच्याकडेही त्या जातीच्या सेवा आहेत. ही एक न झोपणारी तलाठी-कचेरी समजा. तुमच्या मालकीचं क्लाउडमध्ये जे जे आहे, प्रत्येक बादली, प्रत्येक संगणक, प्रत्येक किल्ली, त्याची ती यादी ठेवते. त्यातलं एखादं सेटिंग बदललं, की जुनं काय होतं, नवं काय झालं आणि केव्हा झालं, हे लिहून ठेवते. बदल कोणी केला, कुठून केला, हे तिच्या शेजारची दुसरी नोंदवही सांगते. म्हणजे फेरफार वही यंत्र लिहितं. माणसाला विसरता येतं, यंत्राला ती सवलत नाही. मात्र ही वही आपण चालू करावी लागते आणि तिला थोडे पैसे पडतात. आमच्याकडे त्याच थोड्या पैशांचा घोळ झाला होता.

नुसत्या नोंदीनं भागत नाही. नोंद नियमाशी ताडून पाहावी लागते. ‘विद्यार्थ्यांच्या कागदांची बादली कधीही सर्वांना उघडी नसावी’ हा नियम झाला. ‘मुख्य किल्ली वापरताना पासवर्डाबरोबर मोबाइलवरचा आकडाही लागावा’, ‘दुरून संगणक चालवण्याचं दार साऱ्या जगाला खुलं नसावं’, ‘नोंदवही बंद पडू नये’, हेही नियमच. अमेरिकेतली सेंटर फॉर इंटरनेट सिक्युरिटी ही ना-नफा संस्था अशा नियमांच्या याद्या प्रसिद्ध करते. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडसाठीची तिची यादी २०१६ पासून आहे. ती यादी घेऊन तपासणी करणारी फुकट साधनंही मिळतात. ‘प्राउलर’ हे त्यातलं एक. ते चालवलं की प्रत्येक नियमापुढे उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा शेरा येतो, आपल्या प्रगतिपुस्तकासारखा.

सातबारा संगणकावर चढवला गेला, तेव्हा हस्तलिखित उतारा आणि संगणकातला उतारा जुळतो का, हे पाहण्यासाठी गावोगाव चावडी वाचन झालं होतं, ते अनेकांना आठवत असेल. लिहिलेलं एक, प्रत्यक्षात दुसरं, असं किती ठिकाणी निघालं! कुठे नावात चूक, कुठे क्षेत्रात. पुढे १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, पण त्याआधी हा वाचनाचा खटाटोप करावा लागला होता. क्लाउडची तपासणी म्हणजे तेच चावडी वाचन. संस्थेनं ठरवलेलं एका बाजूला, प्रत्यक्षातली सेटिंग दुसऱ्या बाजूला आणि मोठ्यानं वाचणारं यंत्र. फरक इतकाच, की हे वाचन रोज करता येतं, तासातासाला करता येतं.

आणि ते वारंवार करावं लागतं, कारण क्लाउडमधलं सेटिंग आज बरोबर आहे म्हणून उद्या बरोबर राहीलच असं नाही. वर्षातून एकदा येणाऱ्या तपासणीचं काय होतं, हे कचेरीत नोकरी केलेल्यांना चांगलं माहीत आहे. साहेब येणार म्हटल्यावर आदल्या रात्री जागून दप्तर लावायचं, भिंतीला चुना लावायचा, साहेब गेले की पुन्हा ‘येरे माझ्या मागल्या’. आमच्याकडेही असे महाभाग आहेत. तपासनीस येण्याच्या दिवशी सगळं हिरवं दिसतं, पडद्याचे फोटो काढून फाइलला जोडले जातात. मी स्वतः आता पुण्यात हेच तपासणीचं काम करते आणि फोटो दाखवणाऱ्याकडे मी आधी मागच्या तीन महिन्यांचा फेरफार मागते. चेहरे पाहण्यासारखे होतात.

पण यंत्र लावलं म्हणजे झालं, असंही कोणी समजू नये. याचं एक बोलकं उदाहरण अमेरिकेत घडलं. कॅपिटल वन नावाची मोठी बँक. क्लाउडमधले नियम आपोआप तपासणारं ‘क्लाउड कस्टोडियन’ हे साधन याच बँकेत तयार झालं आणि २०१६ मध्ये बँकेनं ते सगळ्यांना फुकट वापरायला दिलं. अजूनही ते जगभर वापरलं जातं. त्याच बँकेच्या क्लाउडमधून २०१९ च्या मार्चमध्ये सुमारे १० कोटी अमेरिकी आणि ६० लाख कॅनडाच्या लोकांची माहिती एका व्यक्तीनं उचलली. आत शिरायला वाट मिळाली ती संरक्षक भिंतीच्या एका चुकलेल्या सेटिंगमुळे आणि तिथून पुढे मोकळं रान मिळालं ते एका किल्लीला गरजेपेक्षा जास्त अधिकार दिलेले असल्यामुळे. बँकेला हे कळलं जुलैमध्ये, तेही बाहेरच्या कोणीतरी ईमेल केला म्हणून! पुढल्या वर्षी तिथल्या नियामकानं ८ कोटी डॉलरचा दंड केला आणि बँकेच्या अंतर्गत लेखापरीक्षणाला क्लाउडमधल्या कित्येक उणिवा ओळखता आल्या नव्हत्या, असं नमूद केलं. इतरांना कुलपं पुरवणाऱ्या घरात हे झालं.

यंत्र काय करतं? नियम सांगितला तर तपासतं. न सांगितलेला नियम त्याला ठाऊक नसतो. दुसरं म्हणजे यंत्र फार बोलतं. पहिल्यांदा तपासणी लावली की शेकड्यांनी शेरे येतात. त्यातले बरेचसे किरकोळ, काही तर चुकीचेच. कॉलेजच्या माहितीपत्रकाची बादली सर्वांना उघडी असायलाच हवी, पण यंत्र तिलाही लाल ठरवतं. महिनाभर लाल बघून माणसाची नजर मरते आणि मग खरा लालही दिसत नाही. म्हणून सूट द्यायची असेल तर ती लेखी द्यावी, कारण लिहावं, देणाऱ्याचं नाव लिहावं आणि सूट संपण्याची तारीख घालावी. तारीख नसलेली सूट म्हणजे माझा ‘अर्धा तास’.

तिसरी अडचण आणखी घरगुती आहे. शेरा आला, पण ती बादली कोणाची? करून गेलेला माणूस नोकरी सोडून गेला, त्याच्या जागी आलेल्याला माहीत नाही, बिल मात्र दरमहा भरलं जातंय. बेवारस गाईसारख्या अशा बादल्या क्लाउडमध्ये फिरत असतात. माझ्या अनुभवात तपासणीचा निम्मा वेळ मालक शोधण्यात जातो. म्हणून प्रत्येक वस्तूला मालकाच्या नावाची चिठ्ठी लावलेली असावी, असा नियम मी सगळ्यात वर ठेवते. बाकीचे नंतर.

कायदाही आता हळूहळू जागा होतो आहे. सर्ट-इननं २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार माहितीशी संबंधित ठरावीक प्रकारची घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि यंत्रांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. म्हणजे आमच्यासारखं ‘नोंदवही चालूच नव्हती’ हे आता चालत नाही. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. माहितीला वाजवी संरक्षण दिलं नाही, तर त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत ठेवली गेली. क्लाउडवाल्या कंपन्यांनीही काही सुधारणा केल्या आहेत. अ‍ॅमेझॉनवर एप्रिल २०२३ पासून नवी बादली केली तर ती मुळातच बंद असते, मुद्दाम उघडल्याशिवाय उघडत नाही. जुन्या बादल्या मात्र जशाच्या तशा राहिल्या. त्या कोणीतरी जाऊन पाहायलाच हव्यात.

आपल्या जिल्ह्यात हे कोण पाहणार, असा प्रश्न येईल. पतसंस्था, दवाखाने, कॉलेजं, शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्या आपली माहिती आता भाड्याच्या संगणकांवर ठेवू लागल्या आहेत आणि बहुतेकांकडे संगणकाचा माणूस म्हणून एखादा बाहेरचा ठेकेदार असतो. तो म्हणतो, ‘सगळं क्लाउडवर आहे, काळजी करू नका.’ संचालक मंडळाला हायसं वाटतं. अशा वेळी अध्यक्षांनी किंवा मुख्याध्यापकांनी त्याला विचारावं: बाबा रे, यातलं सर्वांना उघडं काय काय आहे, त्याची यादी दे. किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत, नावं दे. गेल्या महिन्यात काय बदललं, ते दाखव. हे विचारायला संगणक यावा लागत नाही. सोसायटीचं दप्तर तपासणारा माणूस हे सहज विचारू शकतो. उत्तर द्यायला आठवडा लागला, तर तेही एक उत्तरच.

ज्या संस्थेत मी ती चूक केली, तिथे पुढे आम्ही एक पद्धत बसवली. यंत्राची तपासणी रोज रात्री होते. पण दर सोमवारी सकाळी तिथल्या कार्यालयातल्या मुख्य लिपिक बाई त्याचा एका पानाचा गोषवारा छापून घेतात आणि प्राचार्यांपुढे उभं राहून मोठ्यानं वाचतात. बाईंना क्लाउडमधलं काही कळत नाही, असं त्या स्वतःच सांगतात. उघड्या बादल्या एक, माहितीपत्रकाची, सूट ३१ मार्चपर्यंत. नवे बदल चार. किल्ल्या अकरा. मागे एकदा त्या वाचता वाचता थांबल्या आणि म्हणाल्या, ‘सर, किल्ल्या अकरा कशा? देशमाने सर तर मागच्या महिन्यात सेवानिवृत्त झाले ना?’

त्या दिवशी दुपारपर्यंत किल्ल्या दहा झाल्या.